ब्रेक दाबला की हॉर्न

पुष्पावती: पाणी राहू दे बाजूला. संगमनेरपासून एस.टी.त हाडं खिळखिळी करून घेतलीत मी, ती काही पाणी प्यायला नाही. आधी मला हे सांगा, घर सोडून गेलेली बाई इथं बसून मेथी कशी काय निवडतेय?

नीलांबरी: मी घर सोडून कुठे गेले, ताई? मी डोंगरगणला गेले होते. सकाळी गेले, दिवेलागणीच्या आत आले.

पुष्पावती: मग शाम, तू मला फोनवर काय म्हणालास?

शामकांत: मी म्हणालो, अक्का, नीला गेली.

पुष्पावती: सख्ख्या भावानं मोठ्या बहिणीला ‘बायको गेली’ एवढंच सांगितलं, तर बहीण काय समजेल? मी मटकन खाली बसले. तुझ्या भावोजींनी पंखा मोठा केला. मग तू सांगतोस की स्कूटर घेऊन गेली. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच डोक्यात आलं, या वयात बाई स्कूटर घेऊन गेली म्हणजे हे प्रकरण जास्तच अवघड आहे. चार दिवसांचे कपडे भरले आणि निघाले. शेजारच्या सीटवरच्या बाईला सगळं सांगितलं मी, रडत रडत. तिनं मला पेरू कापून दिला. राहुरीला उतरताना म्हणाली, भावजय परत आली की कळवा.

नीलांबरी: कळवा मग तिला.

शामकांत: अक्का, काय झालं ते मी पद्धतशीर सांगतो. त्याचं असं आहे—

पुष्पावती: तू नको. तू पद्धतशीर सांगायला लागलास की इंजिनापासून सुरुवात करतोस. नीला, तू सांग.

नीलांबरी: हे शाळेतून रिटायर झाले आणि पान्ह्यांची पेटी घेऊन आले. म्हणाले, आता आपली जुनी व्हॅन मी स्वतः घरी दुरुस्त करणार, मोबाईलवर सगळं शिकवतात. आणि मग दर रविवारी बाहेर पडायचं. कधी मुळा धरण, कधी गोरक्षनाथ गड, सवडीनं भंडारदरा. मला आवडलं ते. मी नवी चटई आणली. पहिल्याच रविवारी दशम्या केल्या, ठेचा केला, मटकीची उसळ केली आणि बाहेर येऊन बघते, तर व्हॅनचं चाक एकीकडे आणि हे एकीकडे. दशम्या घरीच खाल्ल्या. पुढच्या रविवारी रेडिएटर. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, किरकोळ आहे, अर्ध्या तासात निघू. मी चांगली साडी नेसून दिवेलागणीपर्यंत पायरीवर बसले होते. असं दीड वर्ष, ताई.

शामकांत: कार्ब्युरेटर साफ केल्याशिवाय गाडी बाहेर काढणं म्हणजे—

पुष्पावती: तू गप.

नीलांबरी: गेल्या दिवाळीनंतर मी चटई व्हॅनच्या मागे अंगणातच घालायला लागले. म्हटलं, निदान उघड्यावर तरी जेवू. समोरच्या आसारामभाऊंनी गच्चीवरून विचारलं, वहिनी, घरात झुरळांचं औषध मारलंय का?

पुष्पावती: बरं, आणि आज काय झालं?

नीलांबरी: आज सकाळी डबा भरला. हे व्हॅनखाली. ब्रेकचा मागचा दिवा लागत नाही म्हणून वायरी सोडून बसलेले. मी पायांजवळ जाऊन उभी राहिले. रविवारी तेवढेच दिसतात. मी सांगितलं, हवा छान पडलीय, मी डोंगरगणला जाऊन येते. आतून आवाज आला, हं. मी म्हटलं, स्कूटर नेते. हं. मी म्हटलं, एकटी जातेय. तर पाय जरासे हलले आणि आतून म्हणाले, बारा नंबरचा पाना दे. मी पाना दिला आणि गेले.

शामकांत: मला खरंच ऐकू आलं नाही ते.

पुष्पावती: पाना मागायचं बरं सुचलं.

शामकांत: अक्का, दुपारी मी बाहेर आलो. हाक मारली, उत्तर नाही. स्वयंपाकघर आवरलेलं, स्कूटर नाही, आणि हिचा मोबाईल ओट्यावर पडलेला. म्हटलं, पीठ संपलं असेल, गिरणीत गेली असेल. डबा उघडून बघितला, तर पीठ होतं. तो डबा हातात धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग तुला फोन केला.

पुष्पावती: मला करायच्या आधी समोर आसारामला विचारायचं.

शामकांत: विचारलं ना. तुला फोन झाल्यावर. तो म्हणाला, वहिनी तर मोठ्यानं सांगून गेल्या डोंगरगणला, मी गच्चीवरून ऐकलं.

पुष्पावती: मग लगेच मला उलटा फोन करून सांगायचं, की बाई सापडली.

शामकांत: सापडली कुठे होती? नुसतं ठिकाण कळलं होतं. ही स्कूटरवर आपल्या सावेडीच्या बाहेर कधी गेलेली नाही. भाजी, देऊळ आणि बँक. शेंडीच्या रस्त्याला काय ट्रक असतात तुला माहीत आहे. मला डोळ्यांपुढे ते ट्रकच दिसायला लागले. मी तशीच व्हॅन काढली. आणि तुला सांगतो, पहिल्या झटक्यात सुरू झाली.

नीलांबरी: ते सांगतानाचा चेहरा बघा, ताई.

शामकांत: सुरू झाली हे खरंच आहे. फक्त कोपऱ्यावर ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजला. मला वाटलं मागून कोणीतरी वाजवतंय. मी बाजू दिली. मागे कोणीच नाही. पुढच्या वळणावर पुन्हा ब्रेक, पुन्हा हॉर्न. तेव्हा लक्षात आलं की सकाळी दोन वायरी एकमेकींच्या जागी गेल्यात. दोन्हींचा रंग एकच होता.

पुष्पावती: मग थांबून नीट करायच्या.

शामकांत: थांबायला ब्रेक दाबावा लागतो, अक्का. आणि मला थांबायचंच नव्हतं. पुढे पिंपळगावात गतिरोधक. प्रत्येकाला हॉर्न. पारावरची माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं हात आडवा घालून मला थांबवलं, म्हणाला, गाव हाय हे, रान न्हाई. मी म्हटलं, बाबा, मी वाजवत नाही, गाडी वाजवतेय. तो म्हणाला, मग गाडीला सांग.

पुष्पावती: शहाणा माणूस. नीला, तू तेव्हा कुठं होतीस?

नीलांबरी: मी केव्हाच पोचले होते. ट्रकांची भीती मलाही वाटली, ताई. शेंडीपर्यंत मी नुसती रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ बघत गेले. पण पुढे रस्ता मोकळा झाला, वारा लागला, आणि मी चक्क हेल्मेटच्या आत गुणगुणायला लागले. डोंगरगणला स्कूटर लावली, पायऱ्या उतरून ओढ्यावर गेले. यंदा पाऊस चांगला झालाय, पाणी नुसतं खळाळतंय. चपला काढल्या आणि पाय सोडून बसले. तिथे झुंबरबाई भेटली. शेळ्या वर चरायला सोडून खाली पाणी प्यायला आली होती. तिच्याकडे भाकरी-कांदा, माझ्याकडे दशम्या. आमचं छान जमलं. तिनं विचारलं, एकलीच आलीस? मी हो म्हटलं. मग तिनं दुसरं काही विचारलं नाही. तेवढ्यात वरच्या उतारावरून हॉर्न ऐकू यायला लागला. थांबतच नाही. झुंबरबाई म्हणाली, ‘लगीन आलं वाटतं.’ मी आवाज ओळखला. म्हटलं, ‘माझंच आहे. जुनं.’

शामकांत: उतारावर ब्रेक सोडता येत नाही, हे कोणी लक्षातच घेत नाही. तो खालपर्यंत सलग वाजत होता. आणि वळणावर या शेळ्या. बिचकल्या. काही बाजरीत घुसल्या, काही देवळाकडे पळाल्या. मी व्हॅन थांबवली, तर त्या धक्क्यानं सरकता दरवाजा उघडला—

नीलांबरी: तोही यांनीच दुरुस्त केलेला.

शामकांत: —आणि एक शेळी आत चढून मागच्या सीटवर बसली. उतरायलाच तयार नाही.

पुष्पावती: सीट आवडली असेल तिला.

शामकांत: सीट चांगलीच आहे. मी नवीन फोम घातलाय.

नीलांबरी: आरडाओरडा ऐकून झुंबरबाई पायऱ्या चढून वर, मी तिच्या मागे. बघते तर हे बाजरीतून करडू पोटाशी धरून बाहेर येतायत. अंगभर ग्रीस, केसांत भुसा, चष्मा वाकडा. झुंबरबाईनं यांना असं फैलावर घेतलं म्हणता. डोळं हायत का न्हाईत, जनावराच्या जिवावर उठलाय व्हय, असं काय काय. हे आपले चुकलं, चुकलं म्हणतायत. मग मला बघितलं. आणि ते करडू तसंच धरून उभे राहिले.

पुष्पावती: काय म्हणालास रे तिला?

(शामकांत मेथीची एक जुडी पुढे ओढून निवडायला लागतो.)

नीलांबरी: मी सांगते. म्हणाले, ‘तू परत येणार होतीस ना?’

पुष्पावती: आणि तू?

नीलांबरी: मी म्हटलं, ‘डबा संपला की.’ मग यांनी करडू खाली ठेवलं. झुंबरबाईला काय समजायचं ते समजलं. बोलायची थांबली आणि मला म्हणाली, मालक हाय व्हय तुझा, मग आधी खायला घाल त्याला, शेळ्या मी बघते. पण हे ऐकेनात. सगळ्या गोळा होईपर्यंत तिच्याबरोबर रानात पळत होते. व्हॅनमधली शेवटी दशमी दाखवून उतरवली.

शामकांत: देठ ठेवायचे का काढायचे याचे?

नीलांबरी: कोवळे ठेवा. मग आम्ही ओढ्यावर बसलो, ताई. यांनी जेवून घेतलं. मी विचारलं, एवढी काय ती सारखी दुरुस्ती, कशासाठी करता? तर काय म्हणाले ते यांनाच विचारा.

शामकांत: मी तुमच्या संगमनेरपलीकडच्या अकोल्याचं सांगितलं. अनन्या लहान होती तेव्हा आम्ही भंडारदऱ्याला निघालो होतो, अक्का. गाडी हीच. अकोल्याच्या पुढे बंद पडली. पोरीला घेऊन ही भर उन्हात रस्त्यावर, आणि मी बॉनेट उघडून आत बघतोय. सायन्स शिकवणारा माणूस, पण आत कशाला काय म्हणतात तेही मला कळत नव्हतं. तेव्हाच ठरवलं, पुन्हा हिला गाडीपायी असं रस्त्यावर उभं करायचं नाही. पूर्ण चोख झाल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. तेव्हा नोकरीमुळे सवड नव्हती. आता मिळाली, म्हणून लागलो मागे.

पुष्पावती: हे तू कधी बोलला नाहीस.

शामकांत: त्यात बोलायचं काय?

नीलांबरी: आणि मला तो दिवस आठवतो तो वेगळाच. ऊन आठवतच नाही मला. जवळ चिंचेचं मोठं झाड होतं. आम्ही तिथे चटई घातली. अनन्या चिंचा वेचत होती. मेकॅनिक यायला वेळ होता, म्हणून हे शेजारी आडवे झाले आणि कधी नव्हे ते गप्पा मारायला लागले. लहानपणी तुम्ही दोघं विहिरीत कसे पोहायला शिकलात, ते सगळं मला तिथेच कळलं. भंडारदरा राहिलाच. पण आमच्या सगळ्या फिरण्यांत मला तेच जास्त आवडलेलं. मी यांना आज तेच सांगितलं, की मला गाडी चोख नकोच होती. बंद पडली तर बसू की कुठेतरी.

पुष्पावती: त्यावर काय म्हणाला?

नीलांबरी: पाण्यात काडी फिरवत होते. मग म्हणाले, हे तू मला आधी सांगायचंस. मी विचारलं, कुणाला, पायांना?

पुष्पावती: बरोबर विचारलंस.

शामकांत: आता ऐकतोय ना मी.

नीलांबरी: येताना यांनी हॉर्नची वायर काढून टाकली. म्हणजे हॉर्नही नाही आणि मागचा दिवाही नाही. म्हणून मी यांच्या मागून स्कूटरवर. व्हॅन हळू झाली की मी हात बाहेर काढून मागच्याला थोपवायचे. शेंडीपासून घरापर्यंत. सकाळी ज्या ट्रकांकडे मी बघत नव्हते, ते माझ्या हाताला थांबत होते, ताई.

शामकांत: मला आरशात दिसत होतं. फार रुबाबात हात करत होती.

पुष्पावती: आणि या रुबाबात मला फोन करायचं कुणालाच सुचलं नाही.

शामकांत: खाली रेंज नव्हती. घरी आल्यावर केला, तर तुझा बंद. भावोजी म्हणाले, ती केव्हाच निघाली.

नीलांबरी: म्हटलं, येताच आहात तर मेथी करू.

पुष्पावती: माझा फोन बंदच पडणार. कोल्हारपर्यंत मी अर्ध्या नात्यागोत्याला कळवून मोकळी झाले होते.

शामकांत: अक्का, कुणाकुणाला सांगितलंस?

पुष्पावती: ते विचारू नकोस. आमच्या राजसच्या सासरीसुद्धा कळलंय. एकेकाला फोन करून मी उद्या निस्तरते. नीला, ओढ्याकडे उतरायला पायऱ्या फार आहेत का?

नीलांबरी: तुम्ही पाहिलं नाही डोंगरगण? तुमचं तर माहेर नगरचं.

पुष्पावती: माहेरी होते तेव्हा बाबा म्हणायचे, लग्न झालं की नवऱ्याबरोबर जा. लग्न झालं, तर हे म्हणाले, तुझ्या माहेरचं ठिकाण, तू पाहिलंच असशील.

शामकांत: उद्या मी नेतो तुला. दोन वायरींचा तर प्रश्न आहे, आत्ता बसलो तर—

पुष्पावती: तू त्या वायरींना हात लावायचा नाहीस. नीला, साडीत मागं बसता येईल का गं मला स्कूटरवर?

नीलांबरी: एका बाजूला पाय करून बसा. मी सावकाश नेते.

शामकांत: आणि मी?

नीलांबरी: तुम्ही वांबोरीची एस.टी. धरून डोंगरगणला उतरा. आम्ही तिथे असू.

पुष्पावती: नीला.

नीलांबरी: काय, ताई?

पुष्पावती: पाणी फार गार असतं का गं?