वायोमिंगचं एक मत

हॅलो?… कोण, जोआन? अगं मोठ्यानं बोल, इथे हॉटेलच्या सभागृहात नुसता कालवा चाललाय… नाही गं, अधिवेशन संपलं कुठे! आमच्या होमस्टेड पक्षाला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारच मिळेना… हसतेस काय?

ऐक ना. तिघं उभे होते. टेक्ससचा वकील पहिल्या फेरीत गळाला, ती मधमाश्या पाळणारी बाई दुसरीत. आता लढत दोघांत. एक ‘कोणीच नको’… अगं खरंच, तसा पर्याय असतो आमच्यात! तो जिंकला तर यंदा उमेदवारच नाही… आणि दुसरा व्हर्लिन… कोण व्हर्लिन काय? माझा नवरा!

मला तरी कुठे ठाऊक होतं! म्हणाला, नुसतं नाव घालतो, पहिल्याच फेरीत पडेन. घ्या! पडतोय कुठला… हो, हो, तेच ना. मार्चमध्ये हृदयात स्टेंट बसवलेत, ते इथे कोणाला सांगितलंय त्यानं? आणि उमेदवार झाला की राज्याराज्यांत दुकानांबाहेर, भर उन्हात, सह्या गोळा करायच्या. त्याशिवाय मतपत्रिकेवर नाव येत नाही. आमच्याकडे नोकरचाकर थोडेच आहेत? उमेदवारानंच उभं राहायचं.

थांब, विस्कॉन्सिन बोलतंय… छे, मत कसलं, चीजचं कौतुक चाललंय. आधी आपल्या राज्याची आरती ओवाळायची, मग मत, अशी रीत आहे… बरोबरी! जोआन, बरोबरी झाली! आता एकटं आमचं वायोमिंग उरलंय… किती प्रतिनिधी म्हणजे? मी! मी एकटी! उमेदवाराला मत नसतं.

काय करणार?… मलाच उत्सुकता आहे गं, तोंडातून काय बाहेर पडतंय… तो? व्यासपीठावर. लेकीच्या लग्नातला निळा टाय लावलाय. माझ्याकडेच बघतोय. नातू झाला तेव्हाही इतका खूश नव्हता… हो, कळतंय गं मला. पण मला तो जिवंत हवाय.

बोलावतायत. ठेवू नकोस हं, फोन हातातच आहे…

अध्यक्षमहाशय… वायोमिंग. जिथे माणसं कमी आणि हरणं फार. जिथे बायकांना देशात सगळ्यांत आधी मताचा हक्क मिळाला… ते वायोमिंग आपलं एक मत देतंय… कोणीच नको.

…हॅलो? हो, आहे. ऐकलंस ना? तो उतरतोय. इकडेच येतोय… बसला शेजारी. माझा चेरीचा केक पुढ्यात ओढला. खातोय… हळू बोलते हं, शेजारीच आहे… रागावलाय? की सुटलो म्हणतोय मनात? काही कळेना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच याचा चेहरा वाचता येत नाहीये मला… विचारू? आत्ता? नको बाई! घरी पोचायला दोन दिवस लागतात, आणि गाडी एकच आहे.

कळेलच. ठेवते.