हिरवी वायर

— नाही, कितीचा हवा ते नंतर सांगा, आधी हा जुना ट्रान्सफॉर्मर उघडू द्या. आणि म्हणे याच्यासारखाच दुसरा बनवून द्या! याच्यासारखा? काल तुमचा कारागीर याच्यावर टीव्ही दुरुस्तीला लावून बसला होता, त्याला झटका बसला, हात अजून बधिर आहे म्हणता — आणि तुम्हाला तस्साच हवा? कमाल आहे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर माणसं घेतात कशाला, शोभेला? अहो, आत दोन वायंडिंग, म्हणजे तारेची दोन वेटोळी, त्यांचा एकमेकींशी तारेचा संबंध नाही, दुसरीचा जमिनीशीही नाही — मग चुकून एका तारेला हात लागला तरी विजेला अंगातून जमिनीत जायला वाट नसते. एवढंच तर याचं काम. आणि हे बघा, ही हिरवी वायर — दुसऱ्या वायंडिंगचं टोक नेऊन अर्थिंगला जोडलंय! पत्र्याच्या पेटीला अर्थिंग हवंच, कोण नाही म्हणतंय, पण वायंडिंगला? आपल्याच हाताने वाट करून दिली. काय दिवे लावलेत!

कुणी लावले? मला विचारू नका, मला बघताक्षणी कळलं. आमच्या धाकट्या भावाने. सोळा वर्षं त्या बाकावर बसायचा, आता मागच्या रस्त्याला वेगळं दुकान थाटलंय. तिथूनच घेतला ना? आठवत नाही? मग तिथूनच. याच वायरीवरून तर वाजलं आमचं. जोडायची म्हणून तो हटून बसला — का मीच म्हणालो होतो, जोडलेली बरी, सुरक्षित — छे, तोच. गेली अकरा वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला मी हेच सांगतोय, त्याच्याकडे जाऊ नका, जिवाशी खेळतो तो. आई गेली तेव्हा त्याची बायको म्हणाली, भावजी, एक शब्द बोला त्यांच्याशी. मी म्हटलं, आधी चूक कबूल करू दे.

जरा तो दिवा अलीकडे घ्या. वायंडिंग बांधलेली ही दोरी — हिची गाठ उलटी कशी? अशी गाठ डावखुरा मारतो. धाकटा तर उजव्या हाताचा.

...

ती पक्कड द्या. तशी नको, या हातात द्या. डाव्या.

हं. तुटली वायर.

आता नीट आहे, न्या. पैसे राहू द्या. त्या पोराला — त्या कारागिराला म्हणावं, डॉक्टरला हात दाखव. आणि मागच्या रस्त्याने जाणार असाल तर तिथे — नाही, काही सांगू नका. बघत काय उभे राहिलात? दार ओढून घ्या जाताना.