भावोजींनी फोडलेली फरशी

...नाही पण मी म्हणते, माणसाने आपल्याच घरची फरशी आपल्याच हाताने फोडावी आणि मग बोचकं उचलून मुक्कामाला मेहुणीकडे यावं? बरं, आलात तर सरळ आत या की! पण नाही! दारातच उभे. केस ओले, शर्ट उलटा, श्वास असा धरून ठेवलेला की गालांचे फुगे झालेले. मागे आमची ताई, कपाळाला हात लावून. मी म्हटलं, "अहो भावोजी, झालं तरी काय?" तर हे लांबूनच ओरडले, "पुढे येऊ नकोस! माझ्या अंगावर असेल!"

"काय असेल?"

"ते दिसत नाही!"

घ्या! तुम्हाला सांगते, दिसलं असतं तर झटकलं असतं हो! विंचू असता तर मी चप्पल काढली असती, चोर असता तर लाटणं काढलं असतं... पण ते दिसत नाही ना, तीच तर सगळी बोंब!

आता तुम्ही म्हणाल, भावोजी भित्रे असतील. अजिबात नाही! गाडी चालवायला शिकवतात ते. जन्म गेला नवशिक्यांच्या शेजारच्या सीटवर. समोरून ट्रक येतोय, शिकणाऱ्या बाईंनी स्टिअरिंग सोडून डोळ्यांवर हात घेतलेत, आणि हे आपले थंडपणे सांगतायत, "घाबरायचं नाही, ब्रेक माझ्याही पायाशी आहे." असा माणूस! आणि तो माझ्या दारात श्वास धरून उभा!

झालं होतं असं, की त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, बाळाला घेऊन त्यांच्याकडे राहायला येणार होती. तिची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती, जावई कामासाठी परगावी, आणि बाळ नुकतंच रांगायला लागलेलं. भावोजींना आनंदाचं भरतं आलं! त्यांनी मागची खोली रिकामी केली, भिंती रंगवल्या, बाळाची नवी गादी आणून ठेवली, आणि मग त्यांचं लक्ष गेलं खाली. घर जुनं, फरशी त्याहून जुनी. त्या पातळ चौकोनी लाद्या असतात ना, हिरवट, मधे पांढऱ्या रेघा, कोपऱ्यात कडा उचकटलेल्या... त्या! ताई म्हणाली, "अहो, वर जाड सतरंजी टाकू." तर हे म्हणे, "सतरंजीने काय होतंय? बाळाचे गुडघे आहेत ते! मुळापासून काढतो."

काढतो म्हणजे काय, हातोडी, छिन्नी, आणि ठाक ठाक ठाक! एका कोपऱ्यातल्या लाद्या बिस्किटासारख्या तुटायला लागल्या. खाली डांबरासारखा काळा गोंद निघाला, तो पत्र्याच्या पट्टीने खरवडला. धूळ ही एवढी! तोंडाला रुमाल? छे, रुमालाने घाम पुसत होते. उकडतंय म्हणून पंखा लावलेला. वर केरसुणी घेऊन सगळं झाडलं, आणि कमरेवर हात ठेवून आपल्याच पराक्रमाकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात खिडकीतून शेजारचे काका डोकावले. "काय, जुन्या लाद्या काढताय वाटतं? जपून हो, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं."

"अस्... काय असतं?"

"अ‍ॅस्बेस्टॉस. बारीक तंतू. श्वासातून छातीत जाऊन बसतात. कळायला वर्षानुवर्षं लागतात, आणि कळतं तेव्हा... असो! चला, दूध ठेवलंय गॅसवर."

आणि गेले! तुम्हाला सांगते, या माणसाला त्या दुधासारखंच उतू घालवावं असं वाटलं मला! अर्धं वाक्य टाकून जातात का कुणी? त्या "असो"मध्येच तर सगळं होतं!

भावोजींच्या हातात केरसुणी तशीच. खिडकीतून उन्हाची तिरीप आलेली आणि तिच्यात धूळ नाचतेय, सोनेरी, छान, लग्नात अक्षता उडाव्यात तशी. एरवी बघत राहिले असते. पण त्या क्षणी त्यांनी पाहिलं की धूळ हळूहळू खाली बसतेय, आणि बसतेय ती बाळाच्या गादीवर. त्यांनी श्वास धरला. पण माणूस श्वास धरून धरणार किती? सोडला की पुन्हा घ्यावाच लागतो, आणि घ्यायचा तर तिथलाच! आणि ते दिसत नाही हो!

बाहेर पळाले, दार ओढून घेतलं आणि तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडून एका बाईंचा आवाज, असा सपाट की जणू रेल्वेची घोषणा.

"फोडलंत का?"

"थोडंसं."

"कोरडंच?"

"हो."

"झाडलंत?"

"...हो."

"पंखा चालू होता?"

भावोजी म्हणतात, गुन्हा कबूल करताना माणसाला काय वाटत असेल ते तेव्हा कळलं. बाईंनी सांगितलं, नुसतं बघून आहे की नाही ते कुणालाच ओळखता येत नाही, नमुना तपासावा लागेल, तोवर आहे असंच समजा. खोली बंद ठेवा, दाराच्या फटींना चिकटपट्टी लावा, आता झाडू नका, व्हॅक्यूम तर मुळीच लावू नका, अंगावरचे कपडे न झटकता पिशवीत बांधा, आंघोळ करा. हे सगळं करून दोघं माझ्या दारात! मी भीत नाही म्हणा, पण ते खुर्चीवरून उठले की मी हळूच ओल्या फडक्याने खुर्ची पुसून घ्यायची. ताईने बघितलं. तीसुद्धा पुसत होती.

मग त्या फोनवरच्या बाई त्यांच्या घरी आल्या. अंगभर पांढरा झगा, नाकाशी दोन डबे लावलेला मास्क. भावोजी बाहेरून, बंद खिडकीच्या काचेला नाक लावून बघतायत. बाईंनी आधी पाण्यात साबणाचे थेंब टाकून लादी फवारून ओली केली, आणि मग नखाएवढा तुकडा, खालच्या गोंदासकट, बाळाचा दात काढावा इतक्या अलगद काढला. पिशवीत घातला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, जागा ओल्या फडक्याने पुसली, फडकंही पिशवीत. भावोजी बघून पांढरेफटक! "अगं, एवढ्याशा तुकड्यासाठी एवढी तयारी... आणि मी? मी तिथे बसून गाणं म्हणत होतो गं! तोंड उघडं ठेवून!"

तुम्हाला सांगते, निकाल येईपर्यंत त्या माणसाने घास गिळला नाही. खोकला आला की दचकायचे. आला नाही तर मुद्दाम खोकून बघायचे! आणि त्यात भाचीचा फोन. "बाबा, उद्या येऊ ना?" हे म्हणाले, "उद्या नको, टाकीचं काम निघालंय." मग पुन्हा फोन. "रंगाचा वास जात नाहीये गं." मग पुन्हा. "आईची कंबर..." ताई समोर उभी, धडधाकट, डोळे वटारून! शेवटी पोर चिडली. "बाबा, आम्ही नको असू तर सरळ सांगा ना. मी बघेन दुसरीकडे कुठेतरी."

भावोजींनी फोन दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "तुला नको कसं म्हणेन गं? मी तुझ्याच बाळासाठी खोली करायला गेलो आणि विष उडवून ठेवलं. आहे की नाही, माहीत नाही. मला... मला फार भीती वाटतेय." उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. पलीकडून पोर रडतरडत ओरडली, "अहो मग आधी सांगायचं ना! एकटेच घाबरत बसलात? जीव टांगणीला लावलात माझा!"

निकाल आला. होतं! लादीतही होतं, गोंदातही होतं! भावोजींनी फोनवर विचारलं, "माझं काय होणार?" बाई म्हणाल्या, "जे वर्षानुवर्षं त्यातच काम करतात त्यांना खरा धोका. एकदाच, थोडा वेळ, म्हणजे फार कमी."

"फार कमी म्हणजे नाहीच ना?"

"अगदी नाही असं म्हणता येत नाही."

भावोजींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "याला ब्रेक कुठाय गं?" मी चहा दिला.

पुढे हे काढायचं काम शिकलेली माणसं आली, पांढऱ्या झग्यांची पलटणच! फुटलेला कोपरा ओला करून उचलला, भिंती, खिडक्या, पंख्याची पाती पुसली, केरसुणी, कपडे, बाळाची कोरी गादी, सगळं जाड पिशव्यांत बांधून वेगळ्या गाडीने नेलं. हवा तपासली, स्वच्छ निघाली. भावोजी म्हणाले, "उरलेल्या लाद्याही काढा!" तर मुकादम म्हणाला, "धडधाकट आहेत त्यांना डिवचू नका. वरून नवी फरशी घालून झाकून टाका. छेडलं नाही तर ते काही करत नाही." ताई पटकन म्हणाली, "म्हणजे माझ्या सासूबाईंसारखंच." त्या सगळ्या दिवसांत भावोजी तेव्हा पहिल्यांदा हसले. हसताना ठसका लागला आणि आम्ही सगळे एकदम गप्प! अजूनही होतो. ते खोकले की बोलणं थांबतं, भांडं विसळणारा हात थांबतो. ते दिसत नाही ना, म्हणून माणूस ऐकत राहतो.

असो बाई, माणसं आहोत आम्ही, जगतो. नवी फरशी बसली. मऊ, कोमट, एक फट नाही. भावोजींनी स्वतः आडवे होऊन तिच्यावर गाल टेकवून पाहिला. भाची आली, बाळ आलं, आम्ही सगळे गोल करून उभे, आणि भावोजींनी दोन्ही हातांनी बाळाला अगदी मधोमध ठेवलं. बाळाने खाली बघितलं, वर बघितलं, आणि अशी किंकाळी फोडली की शेजारचे काका दूध सोडून धावत आले!

तेव्हापासून ते पोर आजोबांच्या कडेवर. जेवताना कडेवर, फोनवर बोलताना कडेवर. काल मी म्हटलं, "भावोजी, टेकवा की जरा खाली, एवढी फरशी केलीत!" तर म्हणाले, "अगं, पाय टेकवत नाही तो." आणि पाठीला गरम पाण्याची पिशवी बांधून त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं.