साठची कॅसेट

चिमी : मध्ये बोलू नकोस, दादा. सात अल्बम, पंधरा मिनिटं आणि समोर पन्नास माणसं. तू फक्त घड्याळ बघ.

दादा : बघतोय. पण हा कोट आज द्यायचाय ना? आधी अस्तर तरी लाव.

चिमी : हात अस्तरच लावतायत, तोंड रिकामंच आहे. ऐक. "मंडळी, मी शिवणकाम करते. या बँडमधल्या चौघांची भाषा मला तेव्हा येत नव्हती, म्हणून कव्हरवरची चित्रं बघून मी अल्बमांना नावं ठेवली. शिडीचा, छत्रीचा, घंटेचा, रिकाम्या खुर्चीचा..."

दादा : नावं ठेवण्यात तू लहानपणापासून पटाईत.

चिमी : मध्ये बोलू नकोस म्हटलं ना! "शिडीचा अल्बम म्हणजे कच्चा टाका. चौघं एकमेकांच्या पायात पाय घालतायत, पण पळतायत! छत्रीच्या वेळी गाणी अंगाला बसली. तिसऱ्याच्या वेळी नाव झालं, आणि नाव झालं की माणूस झालर लावतो. व्हायोलिनं काय, घंटा काय! कापड कमी, झालर जास्त."

दादा : मला तिसराच आवडतो.

चिमी : तुला केकवरचे गुलाबसुद्धा आवडतात. आता चौथा, रिकाम्या खुर्चीचा. इथे मी उभी राहणार. "शेवटचं गाणं. गिटार चढतेय, चढतेय, आता कळस गाठणार... आणि खट्! संपलं. मंडळी, मी सदतीस वर्षं कापड कापतेय. ऐन रंगात कात्री चालवायला छाती लागते. असा शेवट दुसऱ्या कुठल्याही बँडनं केलेला नाही." दादा? घड्याळ बघ म्हटलं होतं, छत नव्हे.

दादा : ते खट् जरा कमी करता येईल?

चिमी : कमी? तोच तर माझा मुद्दा!

दादा : त्यापेक्षा पुढच्या तीन अल्बमांवर बोल की. पाचवा, सहावा...

चिमी : पाचव्यात भांडणं ऐकू येतात, सहाव्यात वकील. सातव्यात म्हातारे झालेत, पण खरं बोलतात. तिन्हींना मिळून दोन मिनिटं पुष्कळ. अरे, कार्यक्रमच चौथ्यासाठी आहे! कोर्टकज्ज्यात अडकला होता बिचारा. इतकी वर्षं ना दुकानात, ना फोनवर. आज तो रेकॉर्डचा दुकानदार सगळ्यांसमोर नव्या रेकॉर्डचं पाकीट फोडणार आणि माझं बोलणं झालं की दुसरी बाजू लावणार.

दादा : शेवटपर्यंत?

चिमी : मग काय अर्ध्यात काढणार?

दादा : चिमे, तुझी ती चौथ्या अल्बमची कॅसेट कुणी भरली होती?

चिमी : तूच की. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नव्यानं लागला होतास. कुणा मित्राची रेकॉर्ड एका दिवसासाठी आणली होतीस.

दादा : आणि कॅसेट किती मिनिटांची होती?

चिमी : साठची. तीस या बाजूला, तीस त्या. हे काय विचारणं झालं?

दादा : त्या रेकॉर्डची दुसरी बाजू एकतीस मिनिटं चाळीस सेकंदांची आहे.

चिमी : आई गं!

दादा : टोचली ना सुई? बघू बोट.

चिमी : बोट गेलं खड्ड्यात. म्हणजे ते खट्...

दादा : टेप संपली होती.

चिमी : मी विचारलं होतं तुला. "दादा, असंच संपतं?"

दादा : विचारलं होतंस.

चिमी : आणि तू म्हणालास, "असंच."

दादा : रेकॉर्ड परत गेली होती. आणि तू... आई जाऊन दोन महिने झाले होते. शाळा सोडून तिच्या मशीनवर बसली होतीस. पंधरा वर्षांची पोर, तोंडातून शब्द नाही. ते गाणं खट्कन थांबलं आणि तू हसलीस. म्हणालीस, "काय शेवट केलाय!" मग काय सांगणार होतो? तुझ्या दादानं चिकटपणा केला, साठची आणली?

चिमी : अरे गाढवा, या शेवटापायी मी माणसं तोडली! तो गिटारचा मास्तर म्हणाला, "बाई, गाणं असं संपत नाही." मी त्याची पँट इंचभर आखूड केली.

दादा : मुद्दाम?

चिमी : अगदी मापून.

दादा : असं करू. तुझी तब्येत बिघडली म्हणून कळवतो. मी जातो, मी सांगतो त्यांना.

चिमी : थांब. म्हणजे त्या गाण्याचं एक मिनिट चाळीस सेकंद अजून शिल्लक आहे?

दादा : हो.

चिमी : चौथ्या अल्बमचं? मी कधीच न ऐकलेलं?

दादा : हो. मला साधारण आठवतंय, गुणगुणून दाखवू का...

चिमी : खबरदार! एक सूर काढलास तर या अस्तरात शिवून टाकीन. तो कागद दे इकडे. चौथ्याचं पान फाड. आणि जरा इस्त्री तापव, कोट देऊनच जाऊ.

(संध्याकाळी, रेकॉर्डच्या दुकानात. खुर्च्या कमी पडल्यात, माणसं कपाटांना टेकून उभी आहेत. चिमीचं बोलणं संपत आलंय.)

चिमी : ...तर मंडळी, ज्या शेवटावर मी इतकी वर्षं भांडले, तो मुळात शेवटच नाही. बँडचा यात काही दोष नाही. दोषी तिकडे बसलाय, पंख्याखाली, निळा शर्ट. वाकू नकोस, दादा, दिसतोयस. टाळ्या कसल्या वाजवताय त्याला! आणि मास्तर, तुम्ही बरोबर होतात. उद्या पँट घेऊन या, लांब करून देते. घडीत कापड ठेवलंय मी.

दुकानदार : ताई, लावू का?

चिमी : लावा. माझी टेप जिथे संपते तिथे मी हात वर करीन. तिथून पुढे कुणी खोकायचंसुद्धा नाही.

दुकानदार : ताई... ताई, हात खाली घ्या आता. रेकॉर्ड संपली.

चिमी : संपली?

दुकानदार : जरा मागे वळून बघा.

चिमी : अगं बाई! तुम्ही सगळ्यांनी कशाला वर केलेत हात?

दुकानदार : तुम्ही केलात म्हणून. पहिला मास्तरांचा गेला. बोला काहीतरी, थांबलेत सगळे.

चिमी : मी ज्याला कळस समजत होते ना, त्याच्या वर आणखी एक जिना होता. गिटार धावत चढली तो. मग ड्रम थांबले, गिटारही थांबली आणि चौघं नुसते गात राहिले, वाद्यांशिवाय. आणि अगदी शेवटी ते हसले, ऐकलंत? चौघंही. पुढच्या तिन्ही अल्बमांत असं हसणं कुठेच नाही.

दुकानदार : मग सातांत चौथ्याचा पहिला नंबर कायम?

चिमी : कायम म्हणजे! आता तर कुणी हलवूनच दाखवा.

दुकानदार : ऐका, पुन्हा लावा म्हणून ओरडतायत. लावतो.

दादा : चिमे, इकडे बघ. अजून रागावली आहेस?

चिमी : रागावणारच. पण पंधराव्या वर्षी सगळं ऐकून बसले असते, तर आज काय ऐकलं असतं? डोळे पूस आधी, लोक बघतायत.

दादा : तुझेही पूस.

चिमी : माझे राहू देत. तू एक काम कर. उद्या ही रेकॉर्ड घे आणि मला पुन्हा भरून दे. माझ्या शिलाईच्या दुकानातल्या टेपवर लावायला.

दादा : उद्या कशाला, आजच देतो.

चिमी : आणि या वेळी नव्वदची आण.