आज चहा मी ओततो, सर ऑब्रे

अहो नाही, नाही, बसा सर ऑब्रे, किटली इकडे द्या — आज चहा मी ओतणार. लिस्बनच्या वकिलातीत तुम्ही माझे साहेब होतात, म्हणून काय झालं? दूध थोडं, साखर नाही — बघा, लक्षात आहे. आणि विनी कशी आहे तुमची? मागचे पाय गेले? अरेरे, कुत्र्याचं म्हातारपण वाईटच हो. केक घ्या ना.

पॅरिसचं म्हणताय? हो, राजदूत कोण ते पंतप्रधान मला विचारूनच ठरवतात, सल्लागार म्हणून उगाच का या खोलीत बसलोय? तुमचं नाव होतं की, सगळ्यांत वर होतं. मग? मग काही नाही — मी एवढंच म्हटलं, माणूस सोन्यासारखा, पण आता थकलाय. खोटं आहे का? बघा, बशीत सांडला चहा.

लिस्बनला मला नोकरीवरून घालवलंत ते आठवतं? स्वतःची चूक माझ्या गळ्यात बांधून? नाही आठवत! कसं आठवेल — तुम्ही आपल्या हातानं चहा ओतलात, माझ्या कुत्र्याची चौकशी केलीत, खांद्यावर हात ठेवून फाटकापर्यंत आलात, आणि मी गाढव, ट्राममध्ये बसेपर्यंत मला वाटत होतं की बढतीच मिळाली! मग रडलो. भर ट्राममध्ये. एका मासेवालीनं मला आपला रुमाल दिला, त्याला माशांचा वास — हे कशाला सांगतोय मी? असो. नोकरी गेली म्हणून तर राजकारणात शिरलो. पण विद्या मोठी हो तुमची! पंतप्रधानांनाही शिकवली मी — चहा, कुत्रा, खांदा, दार. तीन मंत्री घालवले त्यांनी असे, एकानं हूं की चूं केलं नाही. आणि आज गुरूची विद्या गुरूला!

चला, दारापर्यंत येतो. राहू द्या हो माझा हात खांद्यावर, इतका काही जड नाही — काय निरोप आणलात, मिस पेटिग्रू? पंतप्रधानांनी वर बोलावलंय? आत्ता? कशाला?

चहाला?

स्वतः ओततायत? बरं — बरं, सांगा, आलोच. आणखी काय? माझ्या कुत्र्याचं — नाव? नाव कशाला हवंय त्यांना?



हसू नका, सर ऑब्रे. खाली जायचा जिना तिकडं आहे. जा तुम्ही.