गॅलरीतली शेवंती

(दुसऱ्या मजल्यावरचं ओरेस्तेचं घर. दर उन्हाळ्यात परदेशातून येऊन त्याची खोली भाड्याने घेणारी बिर्गित जेवायला आली आहे. अरुंद बोळाच्या पलीकडे शेजारीण झेलिंदाची गॅलरी. रविवार, दुपारचा एक.)

ओरेस्ते : चांगला दहा मिनिटं उशीर! शाब्बास, बिर्गितबाई. पहिल्या उन्हाळ्यात ठोक्याला हजर झाला होतात, तेव्हा मी अर्धी दाढी केलेली तशीच ठेवून दार उघडलं होतं.

बिर्गित : आज कोपऱ्यावर उभी राहिले, घड्याळ बघत. आणि जेवायला रिकाम्या हाताने जायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. ही घ्या. पांढरी शेवंती. सगळ्यात मोठी जुडी मागून घेतली.

ओरेस्ते : अरे बाप रे... म्हणजे, वा! केवढी ही!

बिर्गित : तुम्ही दाराच्या लोखंडी कडीला हात का लावलात?

ओरेस्ते : सवय हो, दुसरं काय! फुलांना मोकळी हवा लागते. गॅलरीत ठेवा. अजून पुढे. अगदी कठड्यापाशी.

बिर्गित : टेबलावर छान दिसली असती.

ओरेस्ते : टेबलावर शिंपल्यांचा पास्ता येतोय. आणि त्यावर—

बिर्गित : चीज मागायचं नाही. सुरीने कापायचा नाही. जेवणानंतर दुधाची कॉफी नाही. पाच उन्हाळे पाठ करतेय मी. आज शेवटच्या दिवशी चुकणार नाही.

ओरेस्ते : शेवटच्या म्हणजे?

बिर्गित : उद्या सकाळी माझं विमान. मुलगा म्हणतो, आता वय झालं, एवढा प्रवास पुरे, यापुढे माझ्याकडेच राहा. मी हो म्हटलं. तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं ना? बोलावताना म्हणाला होतात.

ओरेस्ते : हो. ते... ते असं की... पाणी उकळलं! बसा तुम्ही गॅलरीत, आलोच मी.

झेलिंदा : अरे देवा! देवा रे देवा! अहो बाई, कधी झालं हो हे?

बिर्गित : नमस्कार, झेलिंदाबाई. काय झालं?

झेलिंदा : ती शेवंती दिसतेय ना मला! आमच्यात ती मयतालाच नेतात. ओरेस्ते गेला आणि समोर राहून मला पत्ता नाही! काल संध्याकाळी तर इथेच उभा राहून माझ्याशी भांडला!

बिर्गित : फक्त मयताला? हे मला कुणी सांगितलंच नाही. पण ऐका, ते—

झेलिंदा : काही बोलू नका, धीर धरा. हट्टी होता मेला. घोरायचा तर असा, की इकडे माझी झोपमोड व्हायची. पण मनाने सोनं हो! आणि शेवटपर्यंत तुम्हाला बोलला नाहीच ना?

बिर्गित : काय बोलायचं होतं?

झेलिंदा : इथेच राहा म्हणून! पाच वर्षं माझं डोकं खाल्लं त्याने. ‘उद्या विचारतो, झेलिंदा, उद्या नक्की.’ हे खा, ते नको, दुकानात शिरताना नमस्कार करा, फळं चिवडू नका, हे सगळे धडे कशासाठी वाटले तुम्हाला? गावाने तुम्हाला आपली म्हणावं म्हणून. तुमची ती खोली दुसऱ्या कुणाला दाखवायचासुद्धा नाही. आणि तुम्हाला सांगायचा, यंदा गिऱ्हाईकच नाही!

बिर्गित : अजून सांगा.

झेलिंदा : अजून काय, तुम्ही यायच्या आठ दिवस आधी मिशांना कलप! बिचारा कलपासकट गेला हो!

ओरेस्ते : झेलिंदा!

झेलिंदा : अगं बाई! लोखंड, लोखंड... हा कठडा! हात लावते, अशुभ टळो! मेल्या, जिवंत आहेस तू?

ओरेस्ते : आत जा!

झेलिंदा : फुकट रडायला लावलंस. आता विचार तिला, मग जाते.

ओरेस्ते : बिर्गितबाई, ती काहीही बडबडते. कलप वगैरे काही नाही. तेल आहे ते.

बिर्गित : आणि बाकीचं?

ओरेस्ते : बाकीचं खरं आहे. भीती वाटायची हो मला. नाही म्हणालात आणि पुढच्या वर्षी आलाच नाहीत, तर? निदान उन्हाळ्यात तीन आठवडे तरी दिसत होतात.

बिर्गित : आता तर तेही नाही.

ओरेस्ते : म्हणून विचारतो. इथे राहाल? कायमच्या?

झेलिंदा : मोठ्याने बोल, इकडे ऐकू येत नाही!

बिर्गित : ते हातातलं पास्त्याचं पातेलं आधी खाली ठेवा.

ओरेस्ते : ठेवलं. मग?

बिर्गित : माझा मुलगा उद्या विमानतळावर घ्यायला येणार आहे. त्याला फोन करते. येऊ नको म्हणून सांगते.