गोल टेबलांचा वर्ग

लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण प्राध्यापिका आणि तिचे विभागप्रमुख उभे होते.

"सर, पुढच्या वर्षी या वर्गाला शिकवायला मी का नको?"

"मुलांची तक्रार आहे. मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच डोकं लढवायला लावतात."

"मग वर्गात गटाने बसून सोडवायला गोल टेबलं कशाला घेतलीत? शोभेला?"

"अहो, फळ्यावर गणित सोडवून दाखवायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. सगळे खूश."

"पण परीक्षेत माझीच मुलं पुढे आहेत!"

"असतील हो. त्यांना शिकल्यासारखं वाटत नाही ना!"

"तुमच्या तासाला वाटतं?"

"म्हणजे काय! एकही प्रश्न येत नाही."

लिफ्ट आली. सर आत शिरले.

"आणि ऐका, उद्या पाहुणे येताहेत. त्यांना तुमचा गोल टेबलांवरचा तास दाखवू."

"तुमचाच दाखवा, सर. सगळं कसं चिडीचूप असतं."